जुना पिकअप घेताना: भावात न दिसणारा खर्च

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात पिकअप हौसेखातर कोणी घेत नाही. दिवाळीच्या आसपास धानाचे कट्टे आधारभूत खरेदी केंद्रावर न्यायचे असतात. मग मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे, दिवस लागतात आणि दुकानदारांचं सामान, बिछायत, भांडीकुंडी गावोगाव फिरू लागतं. उन्हाळी धान निघाला की पुन्हा तीच धावपळ, आणि अधेमधे भाजीपाला साकोली, भंडारा, नाहीतर थेट नागपूरच्या कळमना बाजारात पोहोचवायचा. या कामांवर हप्ता फेडायचा या हिशेबानं जुनी गाडी घेतली जाते. ती ऐन हंगामात उभी राहिली तर भाडं बुडतं आणि हप्ता चालूच राहतो. म्हणून विकणारा सांगतो तो आकडा गाडीचा भाव समजू नका. त्यात पहिल्या हंगामाचा दुरुस्तीचा खर्च मिळवा, तेव्हा भाव कळेल.

आपल्या भागात जुन्या बाजारात मुख्यतः महिंद्राचा बोलेरो पिकअप, टाटाचा एस म्हणजे छोटा हत्ती आणि अशोक लेलँडचा दोस्त या गाड्या मिळतात. छोटा हत्ती २००५ साली आला, दोस्त २०११ मध्ये. तिन्ही मजबूत गाड्या आहेत, आणि कंपनीनं सांगितलेलं वजन वाहिलं तर वर्षानुवर्षं चालतात. खरी अडचण त्या वजनाचीच आहे. खरेदी केंद्रावरचा धानाचा कट्टा ४० किलोचा. १,३०० किलो क्षमतेच्या पिकअपमध्ये त्या हिशेबानं ३२ कट्टे बसतात, १,७०० किलोच्या गाडीत ४२, आणि ७५० किलोच्या छोट्या हत्तीत जेमतेम १८. प्रत्यक्षात पिकअपमध्ये ६० कट्टे रचलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ६० कट्टे म्हणजे २,४०० किलो. आधीच्या मालकानं गाडी किती किलोमीटर चालवली यापेक्षा किती वजनानं चालवली, हे तुमचा पुढचा खर्च ठरवतं. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. वजनाची खूण मात्र गाडीच्या पोटाखाली राहते.

आधी चेसिस, मग इंजिन

बहुतेक जण बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, आणि तो गोड लागला की सौद्याला बसतात. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. इंजिन बिघडलं तर पैसे मोजून नवं करता येतं. चेसिस वाकली, चिरली किंवा गंजून पातळ झाली तर तिच्यावर टाकलेला पैसा पुन्हा पुन्हा टाकावा लागतो आणि गाडी कधीच सरळ होत नाही.

गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा. कॅबिन आणि हौदा यांच्यातली फट दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली पाहा. ती सगळीकडे सारखी हवी. वर एक मापाची आणि खाली दुसऱ्याच मापाची असेल तर चेसिसनं ओझ्याखाली कंबर टाकलेली असू शकते. मग ताडपत्री अंथरून गाडीखाली जा. मागच्या पाट्यांचे हँगर चेसिसला जिथं रिव्हेटनं जोडलेले असतात तिथं, आणि कॅबिनच्या मागच्या भागात, वेल्डिंगच्या रेषा शोधा. जादा पट्टी मारून वेल्ड केलेली दिसली, तर ती का मारली याचं समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका. जुन्या गाडीचा खालचा भाग नुकताच काळ्या रंगानं रंगवलेला असेल तर रंगावर हातोडीनं हलकेच ठोकून बघा. भक्कम लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. गंजलेलं लोखंड बद्द वाजतं आणि पापुद्रे सोडतं. आपल्याकडे पावसाळा मोठा, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणून टाकलेला बांध्यांचा चिखल, आणि तो चेसिसच्या खोबणीत सुकून महिनोन्महिने ओल धरतो. मासे आणि बर्फ वाहिलेल्या गाडीचं लोखंड तर आणखी लवकर जातं. आपल्या तलावांच्या जिल्ह्यात अशा गाड्या असणारच, म्हणून आधी कोणता माल वाहिला हे थेट विचारा.

मागचे पाटे मोजा. कंपनीनं दिले त्यापेक्षा जास्त असतील तर ती जमेची बाजू म्हणून विकणारा सांगेल. ती जमेची बाजू नाही. पाटे वाढवले म्हणून एक्सल, चाकांची बेअरिंगं, ब्रेक आणि चेसिस यांची ताकद वाढत नाही. जादा वजन फक्त त्यांच्या अंगावर जातं. जादा पाटे म्हणजे ही गाडी ओव्हरलोड चालली, याचा मालकानं स्वतः लिहून दिलेला कबुलीजबाब.

चेसिसची शेवटची तपासणी चालत्या गाडीची. कोणाला तरी सरळ रस्त्यावर गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही मोटरसायकलवर मागून जा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत न चालता गाडी तिरकी पळताना दिसली, तर एक्सल सरकलाय, पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलाय किंवा चेसिसच वाकलीय. पहिल्या दोन गोष्टी काही हजारांत सुटतात. तिसरी असेल तर ती गाडी सोडून द्या, भाव कितीही उतरला तरी.

पाटे आणि चाकांचा खर्च फार अंगावर येत नाही. एक मुख्य पाटा बदलायला मजुरीसह दोन ते चार हजार, बुश आणि शॅकलचं काम दीड ते तीन हजार. पुढच्या बाजूला मॉडेलनुसार किंगपिन किंवा बॉल जॉइंट असतात. जॅक लावून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. चाक खडखडलं तर बेअरिंग, किंगपिन किंवा टाय रॉड एंड यांपैकी काहीतरी गेलंय. पुढचं सगळं काम मिळून चार ते आठ हजार धरा. मोठा खर्च टायरांचा. बोलेरो पिकअपचा एक टायर साडेसहा ते नऊ हजारांना जातो, छोट्या हत्तीचा तीन ते चार हजारांना. टायरवर चार आकडी खूण असते. २३२१ म्हणजे २०२१ सालातला २३ वा आठवडा. नक्षी उत्तम पण टायर सहा-सात वर्षांचा असेल, तर मेच्या उन्हात भरल्या गाडीखाली तो फुटू शकतो. तो बदलायचाच आहे, असं समजून भावात धरा.

इंजिन थंड असतानाच बघा

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर इंजिनाला हात लावा. गरम असेल तर थंड चालूचा त्रास कोणीतरी आधीच झाकलाय, असं समजून दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन चांगल्या बॅटरीवर लगेच उचललं पाहिजे. फार वेळ स्टार्टर मारावा लागला तर बॅटरी, ग्लो प्लग, डिझेलच्या लाईनमध्ये हवा, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, अशी कारणं स्वस्तापासून महागापर्यंत रांगेनं उभी असतात.

मग धूर बघा. वेग वाढवताना काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबलाय, टर्बोचा पाइप फाटलाय किंवा इंजेक्टर नीट फवारत नाहीत. फाटका पाइप काही शेकड्यांत बदलतो, म्हणून काळ्या धुराला लगेच घाबरू नका. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, आणि तो खर्चिक. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय का, हे तपासावं लागतं.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तिथंच नुसतं टेकवून ठेवा. ते थोडं थरथरलं तर हरकत नाही. उडू लागलं, खालून वाफारा जोरात येऊ लागला, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो त्रास आहे. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजलेत, इंजिन खोलावं लागणार. छोट्या हत्तीच्या जुन्या ७०२ सीसी, दोन सिलिंडरच्या इंजिनाचं पूर्ण काम साधारण २५ ते ४५ हजारांत होतं. बोलेरो पिकअपच्या चार सिलिंडरच्या कॉमन रेल इंजिनाला ६० हजारांपासून लाखाच्या वर जाण्याची तयारी ठेवा. हे आकडे तालुक्यातल्या खासगी गॅरेजचे अंदाज आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अस्सल सुटे भाग घालून केलं तर यापेक्षा जास्त.

उन्हाळ्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा गाडीच्या पाण्याची परीक्षा होते. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा. गरम असताना काढलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आत हिरवं किंवा लाल कूलंट दिसलं तर मालकानं काळजी घेतलीय. विटकरी गंजाचं पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलंय, आणि रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी अरुंद झाल्या असण्याचा संभव मोठा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा इंजिन चालू असताना सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट गेलंय. रेडिएटर साफ करून घ्यायला दोन-तीन हजार, नवा बसवायला पाच ते नऊ हजार, आणि हेड उतरवून फेसिंग, गॅस्केट करायला आठ ते पंधरा हजार. छोट्या हत्तीचं इंजिन सीटखाली असतं. त्यामुळे गाडी तापू लागली तरी गळती पटकन नजरेस पडत नाही. ती गाडी बघताना सीट उचलून खाली टॉर्च मारा.

इंजेक्टर आणि डिझेल पंप हा कॉमन रेल गाड्यांचा नाजूक भाग. जुन्या गाडीत चार इंजेक्टर एकदम नवे घालायची पाळी आली तर ५० हजार सहज जातात. दुरुस्ती होते, पण ती टेस्ट बेंचवर करावी लागते आणि त्यासाठी कदाचित नागपूरपर्यंत जावं लागेल. एकाला तीन ते सहा हजार धरा. हा खर्च बऱ्याचदा आपणच ओढवून घेतो. पंपासाठी आणि ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल पिकअपमध्ये ओतलं जातं, आणि ड्रमच्या तळाचं पाणी व गाळ त्यातून आत जातो. डिझेल फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. गाडी बघताना तो सैल करून बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि थोडा वेळ ठेवा. तळाला पाणी साचलं तर इंजेक्टरचा खर्च भावातून वजा करूनच बोला. टर्बोचं तसंच. पाइप काढून आतल्या पंख्याचा दांडा बोटानं हलवा. किंचित हालचाल चालते, पण पंखा घराला घासत असेल तर दुरुस्तीला सात ते बारा हजार, नव्याला त्याच्या दुप्पट-अडीचपट.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. या काळातला डिझेल पिकअप घेणार असाल तर एक प्रश्न स्वतःला विचारा, गाडी रोज किती धावणार? बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि साचलेली काजळी जाळायला त्याला बराच वेळ गरम आणि सलग चाल लागते. नागपूरचं भाडं नियमित असेल तर अडचण नाही. पण एकोडी ते साकोली एवढ्याच खेपा, तीही थांबत थांबत, होणार असतील तर फिल्टर तुंबून डॅशबोर्डवर दिवा लागणं, गाडीचा जोर तुटणं हा त्रास मागे लागू शकतो. काही जण तो फिल्टर काढून टाकायचा सल्ला देतात. तो मानू नका. ते बेकायदा आहे आणि फिटनेस, पीयूसीच्या वेळी अंगाशी येतं. छोट्या खेपांसाठी नीट राखलेली बीएस-४ गाडी मला जास्त शहाणपणाची वाटते, किंवा हलकं ओझं असेल तर पेट्रोलची छोटी गाडी.

बाकीच्या तपासण्या चालवताना होतात. चौथ्या गिअरमध्ये हळू वेगात ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाचा आवाज वाढून गाडी पुढे सरकली नाही, तर क्लच घसरतोय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून आठ ते बारा हजार. क्लच सोडताना खालून टक् असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलाय, त्याला हजार-दोन हजार पुरतात. मागून वेगाबरोबर चढत जाणारी घरघर मात्र क्राऊन-पिनियनची असू शकते, आणि तिथं दहा ते अठरा हजार लागतात. मागच्या चाकांच्या रिमवर आतून तेलाचे ओघळ बघा. एक्सलचं सील गळत असेल तर ते तेल ब्रेकच्या लायनिंगवर जातं, आणि महामार्गावर भरली गाडी थांबत नाही. सील, ब्रेक शू, व्हील सिलिंडर हे काम तीन ते सहा हजारांचं आहे. गाडी घेतल्याच्या दिवशीच करा, भाड्याच्या पहिल्या पैशाची वाट पाहू नका. वायरिंगला उंदरांचा उपद्रव धानाच्या गोदामाशेजारी उभ्या गाड्यांना हमखास होतो, म्हणून फ्यूज बॉक्सजवळचे जोड उघडून बघा.

आता हिशेब मांडू. समजा बीएस-४ पिकअपला साडेचार लाख सांगितलेत. चेसिस चांगली आहे, पण दोन टायर, क्लच, मागचे ब्रेक आणि रेडिएटर करावं लागेल. दोन टायरांचे १५ हजार, क्लच १०, ब्रेक ५, रेडिएटर ७, आणि ऑइल, फिल्टर, कूलंट, ग्रीसिंग यांचे ७. झाले ४४ हजार. बॅटरी जुनी असेल तर आणखी सहा-सात. त्यात विम्याचा हप्ता आला. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरानं १६,०४९ रुपये आहे, वर कर वेगळा. म्हणजे साडेचार लाखांची गाडी रस्त्यावर उतरेपर्यंत सव्वापाच लाखांच्या जवळ जाते. मेकॅनिकला बरोबर घेऊन जा, त्याची दिवसाची मजुरी द्या, आणि हा हिशेब कागदावर मांडून विकणाऱ्यासमोर ठेवा. मोघम घासाघिशीपेक्षा कागदावरच्या आकड्यांनी भाव जास्त उतरतो. आणि सगळी पुंजी किमतीत घालू नका. ५० हजार तरी बाजूला हवेत.

फायनान्स कंपनीनं ओढून आणलेल्या गाड्या यार्डात लिलावाला असतात आणि त्या स्वस्त दिसतात. तिथं बहुधा गाडी चालवून बघता येत नाही, महिनोन्महिने उभी असते, बॅटरी आणि टायर गेलेले असतात. ज्याला स्वतः इंजिन खोलता येतं किंवा ज्याच्या घरात मेकॅनिक आहे, त्यानं हा मार्ग घ्यावा. इतरांनी ओळखीच्या टापूतली, जिचा मालक आणि मेकॅनिक दोघेही भेटतील अशी गाडी पाहावी.

कागद

आरसीवरचा चेसिस नंबर आणि चेसिसवर कोरलेला नंबर स्वतः जुळवा. एमपरिवहन ॲपवर फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या तारखा, थकलेली ई-चलनं आणि कर्जाचा बोजा बघा. मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांचं असतं, नंतर दरवर्षी करावं लागतं. आठ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर लागतो, आणि पंधरा वर्षांवर फिटनेसची फीही बरीच चढते. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसलीय का, तेही बघून घ्या. कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. एमएच-३६ म्हणजे भंडाऱ्याच्या नोंदणीची गाडी असेल तर काम सोपं. छत्तीसगडची गाडी स्वस्त मिळते, पण तिकडचं ना हरकत पत्र, इथली नवी नोंदणी आणि इथला कर मिळवला की ती स्वस्ताई बरीचशी संपते.

लायसन्सची शंका अनेकांना असते. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. ओव्हरलोडचा दंड मात्र कायद्यात २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० आहे. तो एकदा बसला की किती खेपांचं भाडं गेलं, हे ज्यानं त्यानं मोजावं.

रोवणीच्या दिवसांत बाया हौद्यात उभ्या करून बांधीवर नेल्या जातात. मालवाहू गाडीच्या विम्यात अशा प्रवाशांना संरक्षण नसतं. गाडी उलटली तर भरपाई मालकाच्या घरादारावर येते, आणि गेलेला जीव तर कशानंच येत नाही. मजुरांसाठी वेगळं वाहन ठरवा. त्याचा खर्च रोवणीच्या खर्चात धरा.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या सौद्याच्या दिवशीच घ्या. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं, आणि विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलं आहे. म्हणून नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी, हे त्याला समजावून सांगा. किमतीतले दहा-वीस हजार नाव बदलेपर्यंत हातात ठेवायचं आधीच ठरवा आणि तसं लिहून घ्या. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही टाका. त्या दिवशी सकाळी गाडीनं कोणाला धडक दिली असेल किंवा चलन फाटलं असेल, तर तुम्हा दोघांत ते कोणी सोसायचं हे त्या वेळेवरून ठरेल.